ग्रँट मिळते, प्रकल्प होतो. १ जुलैनंतर तो सांभाळायचा कोणी?

पौड_फाटा (सोमवार, रात्री ९:१२)

नमस्कार मंडळी. सेवा क्लबांमधून काम करणारे बरेच जण इथे आहेत, म्हणून हा धागा काढतेय.

आमचा रोटरी क्लब पुण्यातलाच. जुलैपासून क्लबची फाउंडेशन कमिटी, म्हणजे रोटरी फाउंडेशनच्या अनुदानांचं काम बघणारी समिती, माझ्याकडे येतेय. वेल्हे, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या चार शाळांत पिण्याचं पाणी, हात धुवायची सोय आणि मुलींसाठी स्वच्छतागृहं असा प्रकल्प घाटतोय. पैसा तीन बाजूंनी येईल असं दिसतंय: डिस्ट्रिक्ट ग्रँट (रोटरीच्या आपल्या विभागाकडून मिळणारं अनुदान), एका कंपनीचा सीएसआर (सामाजिक कामासाठीचा निधी) आणि सभासदांची वर्गणी. परदेशातल्या एका क्लबशीही बोलणं चालू आहे. तो जोडीला आला तर ग्लोबल ग्रँटचा, म्हणजे रोटरी फाउंडेशनच्या मोठ्या अनुदानाचा, अर्ज करता येईल.

पैसा मिळवायचा कसा, यावर क्लबात भरपूर चर्चा होते. मिळालेला पैसा आणि त्यातून उभी राहिलेली वस्तू पुढची पाच-सात वर्षं कोण सांभाळणार, हा विषय मात्र निघतच नाही. या उन्हाळ्यात मी वेगवेगळ्या क्लबांनी केलेली जुनी कामं बघत फिरले. एका शाळेत सॅनिटरी पॅड जाळायचं यंत्र भिंतीवर बसवलेलं आहे, त्याच्यावरचं प्लास्टिकही अजून निघालेलं नाही. विचारलं तर कळलं, त्याला १५ अँपिअरचा पॉइंट लागतो आणि त्या खोलीत आहे ५ चा. एक सॉकेट आणि थोडी वायर, एवढंच काम. पण एजन्सीचं बिल कधीच निघालेलं, त्या वर्षीचे अध्यक्ष पायउतार झालेले. मुख्याध्यापकबाईंनी फोन करायचा तरी कोणाला? फलकावर देणाऱ्यांची नावं आहेत, नंबर एकही नाही. शाळेतल्या मुलींची अडचण होती तिथेच आहे. ते बघून परत येताना फार वाईट वाटलं.

पैसे कोणी खाल्ले म्हणून हे झालेलं नाही. हिशेब चोख असणार, ऑडिटही झालं असणार. आपल्याकडे १ जुलैला अध्यक्ष बदलतो, सचिव बदलतो, खजिनदार बदलतो आणि त्यांच्याबरोबर प्रकल्पाची सगळी माहिती घरी जाते. माझं म्हणणं असं की, ग्रँटचा अर्ज भरायच्या आधीच तीन गोष्टी लेखी ठरलेल्या असाव्यात. कागद कोणाकडे राहणार, खात्यावर सह्या कोणाच्या, आणि वस्तू कोणाच्या मालकीची. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.


वहीखाते (सोमवार, रात्री १०:४०)

ताई, चांगला विषय काढलात. मी सीए आहे, क्लबांच्या चॅरिटेबल ट्रस्टचे हिशेब बघतो.

आधी क्लब आणि ट्रस्ट हे दोन वेगळे आहेत हे सगळ्यांच्या मनात पक्कं करा. क्लब म्हणजे सभासदांची संघटना. देणगीदाराला ८०जीची (आयकर सवलतीची) पावती द्यायची किंवा सीएसआरचा पैसा घ्यायचा, तर त्यासाठी क्लब सहसा वेगळा ट्रस्ट नोंदवतात. तो येतो महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली, म्हणजे आपल्याकडे ढोले पाटील रस्त्यावरच्या धर्मादाय कार्यालयाच्या कक्षेत. विश्वस्त बदलला की कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. काही ट्रस्टच्या घटनेत क्लबचे अध्यक्ष आणि सचिव पदसिद्ध विश्वस्त असतात. म्हणजे दर जुलैला नवा चेंज रिपोर्ट, आणि मागचा मंजूर व्हायच्या आत पुढचा दाखल. मग बँक केवायसीसाठी परिशिष्ट १ चा (ट्रस्टच्या सरकारी नोंदीचा) उतारा मागते तेव्हा त्यावर जुन्याच मंडळींची नावं असतात, आणि खातं अडकतं. घटना दुरुस्त करून विश्वस्त निदान पाच वर्षांसाठी नेमा. क्लबचा अध्यक्ष निमंत्रित म्हणून बैठकीला बसू शकतो, त्याने काही अडत नाही.

दुसरी अडचण वर्षांची. क्लबचं वर्ष जुलै ते जून, ट्रस्टचं एप्रिल ते मार्च, आणि ग्रँटचा रिपोर्ट मोजला जातो पैसे मिळाल्याच्या तारखेपासून. एकाच प्रकल्पाचा खर्च दोन अध्यक्षांत आणि दोन ताळेबंदांत विभागला जातो. म्हणून टॅलीमध्ये (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) प्रत्येक ग्रँटला स्वतंत्र कॉस्ट सेंटर, म्हणजे खर्चाचा वेगळा कप्पा, उघडा. ‘प्रोजेक्ट खर्च’ अशा एकाच सदराखाली सगळं टाकलंत तर वर्षभराने कोणालाच वेगळं करता येणार नाही.

तुमच्याकडे तर तीन देणगीदार आहेत. इथे सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे एकच बिल पूर्ण रकमेने दोघांना दाखवलं जाणं. बहुतेक वेळा हे घाईत होतं, हेतू वाईट नसतो, पण देणगीदाराच्या ऑडिटरला त्याच्याशी देणंघेणं नसतं. मी काय करतो सांगतो. मूळ बिल हातात आलं की त्यावरच शिक्का मारायचा: कोणत्या ग्रँटमधून किती रुपये, चेक किंवा यूटीआर (ऑनलाइन पैसे पाठवल्याचा) नंबर, तारीख, दोन सह्या. समजा टाकी आणि पाइपलाइनचं १,८०,००० चं बिल आहे आणि त्यातले १,००,००० डिस्ट्रिक्ट ग्रँटचे, ८०,००० सीएसआरचे, तर ती विभागणी बिलाच्या तोंडावर दिसली पाहिजे. झेरॉक्स आणि स्कॅन शिक्का मारल्यानंतरच काढायचे. शिक्का नसलेली प्रत कोणाकडे जाताच कामा नये.

कागद किती वर्षं ठेवायचे? रोटरीच्या एमओयूमध्ये (ग्रँटसाठी क्लब करतो त्या करारात) किमान ५ वर्षं आहे. पण २०२२ मध्ये आलेल्या आयकराच्या १७एए नियमाने धर्मादाय संस्थांना कर निर्धारण वर्ष संपल्यापासून १० वर्षं पुस्तकं ठेवायला सांगितलंय. तेव्हा १० धरून चाला.


कर्वेनगर_जुना (मंगळवार, सकाळी ७:०५)

माजी अध्यक्ष आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

वहीखातेसाहेबांचं सगळं बरोबर आहे. पण आम्ही नोकरी-धंदा सांभाळून, संध्याकाळच्या वेळात ही कामं करतो. नव्या सभासदाला गावात जाऊन काहीतरी करायचं असतं. त्याला पहिल्याच महिन्यात शिक्के आणि कॉस्ट सेंटर दाखवलं तर तो पुन्हा मीटिंगला येणार नाही. शिवाय ग्रँटच्या मागे लागलं की प्रकल्प अर्जाच्या रकान्यांना साजेसा होत जातो, गावाची गरज मागे पडते. हे मी जवळून बघितलंय. माझं मत असं की, लाख-दीड लाखाचं काम आपल्या वर्गणीतून करावं. गावकऱ्यांच्या बरोबरीने करावं, नीट करावं. मोठ्या ग्रँटची हौस प्रत्येक क्लबने बाळगायची गरज नाही.


पौड_फाटा (मंगळवार, सकाळी ८:३०)

काका, छोटी कामं वर्गणीतून करावीत हे मान्य. पण चार शाळांची स्वच्छतागृहं वर्गणीतून होणार नाहीत. आणि त्या पॅड जाळायच्या यंत्राचा खर्च कदाचित वर्गणीतूनच झाला असेल. पैसा कुठून आला यापेक्षा नंतर कोण बघणार हा प्रश्न दोन्हीकडे तोच राहतो. नव्या सभासदांबद्दल म्हणताय ते मात्र मनावर घेते. कागदाचं काम एक-दोघांनी कायम करावं आणि बाकीच्यांना गावात मोकळं सोडावं, असं काही करता येईल.


पानशेत_मास्तर (मंगळवार, दुपारी २:१५)

तुम्ही म्हणताय त्याच तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. देणाऱ्यांची चर्चा वाचली, आता घेणाऱ्याच्या बाजूने लिहितो. थोडं लांबेल.

क्लबची माणसं आमच्याकडे येतात ती मनापासून येतात, मुलांना आनंद होतो. त्याबद्दल कृतज्ञताच आहे. पण वस्तू शाळेत आली की मुख्याध्यापकाला ती डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) चढवावी लागते. त्यासाठी बिलाची प्रत हवी, किंमत हवी. होतं असं की टेंपोतून वस्तू येते, फोटो होतात, पाहुणे जातात आणि बिलाची प्रत पुण्यातच राहते. नोंद नाही म्हटल्यावर ती वस्तू शाळेची आहे हे कागदावर कुठेच येत नाही. बिघडली तर शाळेच्या पैशातून दुरुस्ती दाखवता येत नाही, चोरीला गेली तर तक्रार देताना पंचाईत. उद्घाटनाच्या दिवशी हारतुऱ्याबरोबर बिलाची खरी प्रत, वॉरंटी कार्ड आणि हस्तांतरपत्र एवढे तीन कागद मुख्याध्यापकांच्या हातात द्या. आमचं निम्मं काम होईल.

मग येतं वीजबिल. मोटर चालणार, फिल्टर चालणार, त्याचं बिल शाळेच्या मीटरवर. शाळेला वर्षाकाठी जे अनुदान येतं त्यातून खडू-रजिस्टरपासून सगळं भागवायचं असतं. बिल थकलं की जोडणी तुटते, आणि मग तुमची मोटरही बंद. प्रकल्प आखतानाच विचारा की महिन्याला किती युनिट वाढतील आणि ते कोण भरेल.

आणि सर्वांत अवघड म्हणजे स्वच्छतागृह धुणार कोण? दोनशिक्षकी शाळेला शिपाई नसतो. आम्ही दोघं, चार वर्ग आणि मुलं. मुलांकडून ते काम करून घेणं योग्य नाही. नवंकोरं स्वच्छतागृह दोन महिन्यांत वापरायच्या लायकीचं राहत नाही, मग त्याला कुलूप लागतं. बांधकामाचा पैसा द्यायला खूप जण तयार असतात. आठवड्यातून तीनदा येऊन धुणाऱ्या बाईंचं मानधन द्यायला कोणी पुढे येत नाही. तुम्हाला खरंच मुलींचं भलं करायचं असेल तर त्या मानधनाची सोय आधी लावा, विटा नंतर आणा.

करार मुख्याध्यापकाच्या नावाने करू नका. तुमचा अध्यक्ष वर्षाने बदलतो तशी आमचीही बदली होते. शाळा व्यवस्थापन समिती २००९ च्या आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने आहे. तिचा ठराव घ्या. आणि ग्रामपंचायतीला करारात तिसरी बाजू करा. १५ व्या वित्त आयोगाच्या ग्रामपंचायत निधीत ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेलाच बांधील ठेवली होती. गावाच्या विकास आराखड्यात शाळेची देखभाल बसवून घेतली तर पुढचा बराच प्रश्न सुटतो. पण ते ग्रामसभेतून व्हावं लागतं, सरपंचांच्या तोंडी शब्दावर चालत नाही.


निवृत्त_उपअभियंता (मंगळवार, सायंकाळी ६:५०)

मास्तरांना नमस्कार. फार मोलाचं लिहिलंत.

पाण्याबद्दल थोडं. शाळेत ‘पिण्याचं पाणी’ म्हटलं की हल्ली पहिल्यांदा आरओच्या मशीनचं कोटेशन येतं. राजगड, मुळशी, मावळच्या घाटमाथ्याकडच्या गावांत पाऊस भरपूर. तिथल्या झऱ्याच्या किंवा विहिरीच्या पाण्यात क्षार साधारणपणे कमीच असतात. भारतीय मानक १०५०० प्रमाणे विरघळलेल्या क्षारांची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. तुमचं पाणी त्याच्या बरंच खाली असेल तर आरओ कशाला? तो यायच्या पाण्यातला मोठा भाग वाया घालवतो, मेंब्रेन बदलायचा खर्च वेगळा. घाटात खरा त्रास पावसाळ्यात होतो. उतारावरची घाण वाहून विहिरीत येते, पाणी गढूळ होतं आणि जंतू वाढतात. त्यावर उपाय म्हणजे झऱ्याला किंवा विहिरीला नीट बंदिस्ती, साधा वाळूचा किंवा अल्ट्राफिल्टरेशनचा फिल्टर आणि नियमित क्लोरिन. गावात जलसुरक्षक (गावच्या पिण्याच्या पाण्याचं बघणारा माणूस) असतो, त्याला बरोबर घ्या.

दुसरी गोष्ट. पाहणी जुलै-ऑगस्टमध्ये करू नका. तेव्हा सगळीकडे पाणीच पाणी. बेसॉल्टचा खडक पाणी धरून ठेवत नाही, त्यामुळे पावसाळ्यात धो धो वाहणारा झरा एप्रिल-मेमध्ये आटतो. टाकी, नळ, बेसिन सगळं उभं करायचं आणि मार्चनंतर त्यात थेंब नाही, असं नको. आता मे चालू आहे. लगेच जा, आत्ता जे पाणी आहे त्याचा नमुना घ्या, जिल्हा प्रयोगशाळेतून तपासून घ्या. पावसाळ्यात पुन्हा एकदा घ्या. भूजल सर्वेक्षण यंत्रणेचं मुख्यालय पुण्यातच आहे, त्या भागातल्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी तिथे मिळतात.


पौड_फाटा (मंगळवार, रात्री ९:२०)

मास्तर, उपअभियंता काका, दोघांचे मनापासून आभार. कोटेशनमध्ये खरंच चार आरओ आहेत. शनिवारी दोन शाळांना जाऊन येते, पाण्याचे नमुनेही आणते. शाळा बंद असल्या तरी विहीर दिसेल.

मास्तर, मुलींशी बोलायचं असेल तर शाळा उघडल्यावरच जावं ना?


पानशेत_मास्तर (मंगळवार, रात्री ९:४५)

हो, जूनच्या मध्यावर शाळा उघडली की या. पाहुणे, सरपंच, फोटोवाले कोणी नकोत. तुम्ही आणि अंगणवाडीताई किंवा आशाताई, एवढंच. मोठ्या मुली त्यांच्यापाशी बोलतात. दाराला आतून कडी हवी, बादली हवी, खिडकी वर हवी, अशा गोष्टी त्या सांगतील. त्या कोणत्याच प्लॅनमध्ये नसतात.


ग्रँट_समिती_माजी (बुधवार, सकाळी १०:१०)

आपल्या डिस्ट्रिक्ट ३१३१ मध्ये काही वर्षं ग्रँटचे अर्ज वाचलेत. त्या अनुभवातून लिहितो.

डिस्ट्रिक्ट ग्रँट आणि ग्लोबल ग्रँट यांत गल्लत करू नका. डिस्ट्रिक्ट ग्रँट हा डीडीएफमधला, म्हणजे फाउंडेशनकडे असलेल्या डिस्ट्रिक्टच्या वाट्याच्या निधीतला पैसा. डिस्ट्रिक्ट आपल्या डीडीएफच्या निम्म्यापर्यंत रक्कम फाउंडेशनकडून एकरकमी घेतो आणि क्लबांना छोट्या रकमांत वाटतो. ग्लोबल ग्रँटला प्रकल्पाचं बजेट किमान ३०,००० डॉलर लागतं, यजमान क्लबाबरोबर दुसऱ्या देशातला क्लब लागतो आणि काम सात ठरलेल्या क्षेत्रांत बसावं लागतं. पाणी आणि स्वच्छता हे त्यातलंच एक. डीडीएफ जितका घालाल त्यावर वर्ल्ड फंड (फाउंडेशनचा जागतिक निधी) ८० टक्के देतो. रोख वर्गणीवर मात्र आता काही मिळत नाही. काही जुने सभासद अजून ‘आपण घालू तेवढंच तिकडून येईल’ असं धरून बजेट करतात, ते तपासून घ्या.

पात्रतेसाठी दर वर्षी ग्रँट मॅनेजमेंट सेमिनारला क्लबची माणसं पाठवायची आणि एमओयूवर अध्यक्ष आणि भावी अध्यक्ष दोघांच्या सह्या. दोघांच्या सह्या याचसाठी आहेत की जबाबदारी जुलैत तुटू नये. ताई, तुमचा मुद्दा नियमातच आहे. आपण सही करतो आणि विसरतो.

ग्रँटसाठी वेगळं बँक खातं, त्यावर क्लबच्या किमान दोन सभासदांच्या सह्या. बचत खात्यावर व्याज जमा होईल, ते प्रकल्पालाच लावायचं किंवा परत करायचं. क्लबच्या जेवणात जमा करायचं नाही. पहिला हप्ता आल्यापासून १२ महिन्यांत प्रगती अहवाल, काम संपल्यावर २ महिन्यांत अंतिम अहवाल. अहवाल थकला की पुढची ग्रँट थांबते, आणि त्याची झळ पुढच्या अध्यक्षाला लागते. त्या बिचाऱ्याने तर ते काम पाहिलेलंही नसतं.

अर्ज कशामुळे परत जातात? आधीच चालू झालेल्या किंवा झालेल्या कामाचा खर्च मागितला जातो, तो चालत नाही. ग्लोबल ग्रँटसाठी वर्गखोली बांधायचा प्रस्ताव येतो, तोही बसत नाही. माणसं राहतात किंवा काम करतात अशा इमारतीला त्यातून पैसा मिळत नाही, स्वच्छतागृह, विहीर, पाण्याची टाकी यांना मिळतो. ग्लोबल ग्रँटला गावाच्या गरजेची पाहणी जोडावीच लागते. मास्तरांनी सांगितलं तशी पाहणी केलीत तर अर्जाचा तो भाग तुमचा सगळ्यांत भक्कम होईल. कर्वेनगरकाका म्हणतात तसं अर्जाच्या रकान्यांसाठी प्रकल्प बेतला जातो तो ही पाहणी शेवटी, अर्ज भरताना केल्यामुळे. ती आधी केली की रकाने आपोआप भरतात.

आणि पुरवठादार कोणाचा नातेवाईक किंवा क्लबचाच सभासद असेल तर ते आधी लेखी उघड करा. पुण्यात क्लबमधलाच कोणीतरी प्लंबिंगचा किंवा सोलरचा व्यवसाय करतो, स्वस्तात देतो म्हणतो, आणि खरंच देतो. तरीही किमान तीन कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, आणि निर्णयाच्या वेळी त्या सभासदाने बैठकीतून बाहेर बसायचं. त्याच्या चांगुलपणाला पुढे कोणी बोट लावू नये म्हणून.

मालकीचा प्रश्नही सुटलेलाच आहे. ग्रँटमधून घेतलेली वस्तू क्लबच्या किंवा सभासदाच्या मालकीची ठेवता येत नाही. ती ज्यांच्यासाठी घेतली त्यांच्या नावे जायला हवी.


हिंजवडीहून (बुधवार, दुपारी १२:३५)

एका कंपनीच्या सीएसआर विभागात काम करते, त्यामुळे पलीकडच्या टेबलावरून लिहिते.

ट्रस्टचा सीएसआर-१ (सीएसआरचा पैसा घेण्यासाठीची नोंदणी) झालेला हवा, १ एप्रिल २०२१ पासून त्याशिवाय आम्ही पैसे देऊच शकत नाही. बाकी १२एबी आणि ८०जी या आयकराच्या नोंदण्या तुम्हाला माहीत आहेतच. क्लबच्या लोकांना आमचा राग येतो तो फेब्रुवारी-मार्चमध्ये, कारण आम्ही बिलांसाठी रोज फोन करतो. त्याचं कारण असं की, दिलेला पैसा ठरल्याप्रमाणे वापरला गेला यावर कंपनीच्या सीएफओला (वित्तप्रमुखांना) प्रमाणपत्र द्यावं लागतं. ३१ मार्चला तुमच्या खात्यात पैसा पडून असेल तर त्यांची सही होत नाही. काम मार्चपलीकडे जाणार हे माहीत असेल तर सुरुवातीलाच ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर करून घ्या. त्याला काम सुरू झालेलं आर्थिक वर्ष सोडून पुढे ३ वर्षांपर्यंत मुदत मिळते. मार्चमध्ये येऊन सांगितलंत तर आमच्या हातात काही उरत नाही.

मालकीबद्दल आमचाही नियम आहे. जानेवारी २०२१ च्या दुरुस्तीनंतर सीएसआरच्या पैशातून झालेली भांडवली मालमत्ता कंपनीच्या नावे ठेवता येत नाही. ती सीएसआर नोंदणी असलेल्या धर्मादाय संस्थेकडे, लाभार्थींच्या बचत गटासारख्या समूहाकडे किंवा सार्वजनिक प्राधिकरणाकडे असावी लागते. जिल्हा परिषदेच्या शाळेला किंवा ग्रामपंचायतीला दिलीत तर आमचा आणि रोटरीचा, दोन्ही नियम एका हस्तांतरपत्रात पाळले जातात.

आणि एक विनंती. देखभालीचा खर्च प्रस्तावात लिहा. स्वच्छता करणाऱ्या बाईंचं मानधन पहिल्या दोन-तीन वर्षांसाठी मागितलंत तर मी तरी तो प्रस्ताव वर नेताना त्याच्या बाजूने भांडेन. बहुतेक संस्था ते मागतच नाहीत, त्यांना वाटतं कंपनीला फक्त फलक हवा असतो.


चिंचवड_लायन (बुधवार, दुपारी ३:००)

आमच्याकडेही वर्ष १ जुलैलाच बदलतं, आणि एलसीआयएफच्या (लायन्सच्या फाउंडेशनच्या) ग्रँटचीही दुखणी हीच. आमच्या क्लबने प्रकल्पाला एक ‘पालक’ नेमायला सुरुवात केली. तो तीन वर्षं तोच राहतो, अध्यक्ष कोणीही होवो. त्याचा मोबाइल नंबर शाळेच्या ऑफिसात कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. पालकाने दर तिमाहीला एकदा जाऊन यायचं आणि बोर्डापुढे (क्लबच्या कार्यकारिणीपुढे) दोन ओळी लिहायच्या. खर्च शून्य.


कर्वेनगर_जुना (बुधवार, सायंकाळी ५:४०)

हा पालक प्रकार पटला. मास्तरांचं वाचल्यावर मलाही वाटतंय की गावाशी नातं टिकवायचं तर कोणीतरी एकच माणूस जात राहिला पाहिजे. मोठ्या ग्रँटबद्दलचं माझं मत तेच आहे. पण ताई, तुम्ही घेणारच असाल तर एका शाळेचा पालक मला करा. निवृत्त आहे, गाडी चालवतो, पानशेतच्या रस्त्याची सवय आहे.


वहीखाते (बुधवार, रात्री ८:१५)

परदेशी क्लबाबद्दल राहिलं होतं. त्यांचा पैसा एफसीआरए (परदेशी देणगी कायद्याखालची) नोंदणी नसलेल्या ट्रस्टच्या खात्यात थेट घेऊ नका, अगदी प्रेमाने पाठवत असले तरी. नोंदणी असली तरी तो पैसा आधी दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावा लागतो. आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. ‘आमच्या ओळखीच्या संस्थेकडे एफसीआरए आहे, त्यांच्या मार्फत घेऊ’ हा जुना रस्ता बंद झालाय. ग्लोबल ग्रँटमध्ये त्यांचा वाटा कसा यायचा हे डिस्ट्रिक्टच्या फाउंडेशन समितीकडून लेखी विचारून घ्या आणि तो ई-मेल फाइलला लावा.

वर्गणीचंही बघा. रोखीत २,००० च्या वर दिलेल्या देणगीवर ८०जीची सवलत मिळत नाही. प्रत्येक देणगीदाराचा पॅन घ्या, कारण ३१ मे पर्यंत १०बीडी (देणगीदारांच्या माहितीचा आयकराचा फॉर्म) भरायचा असतो. उशिराला दिवसाला २०० रुपये शुल्क आहे. आत्ता मे आहे, मागच्या वर्षीचा भरला की नाही तेही खजिनदारांना विचारा.


पौड_फाटा (पुढचा सोमवार, रात्री ९:३०)

शनिवारी तीन शाळांना जाऊन आले, रविवारी बोर्डाची बैठक झाली.

एका शाळेची विहीर कोरडी ठणठणीत. तिथे टाकी बांधून उपयोग नाही, आधी झऱ्याचं काम करावं लागेल. उरलेल्या दोन ठिकाणी नमुने घेतले. आमच्याकडच्या मीटरवर क्षार १५० च्या आतच दाखवले, त्यामुळे कोटेशनमधले आरओ काढून टाकले. जंतूंचा रिपोर्ट यायचाय. वाचलेल्या पैशांत स्वच्छता करणाऱ्या बाईंच्या मानधनाचा काही भाग निघेल, बाकीचा सीएसआरच्या प्रस्तावात घालतेय. हिंजवडीहून, तुमच्या त्या एका वाक्यामुळे बोर्डात हे बोलायचं बळ आलं.

बोर्डात सगळंच सुरळीत झालं नाही. चारऐवजी पहिल्या वर्षी दोनच शाळा घ्याव्यात असं मी मांडलं. भावी अध्यक्षांना ते जड गेलं, त्यांनी डिस्ट्रिक्टला चार शाळा सांगून ठेवल्यात. बऱ्याच चर्चेनंतर दोनवर आले. ग्लोबल ग्रँटचा अर्ज पावसाळ्यातले पाण्याचे नमुने हातात आल्यावरच करायचा, हेही ठरलं. खात्यावरच्या सह्यांचा विषय अडकलाय. पदावर नसलेल्या माणसाची सही ठेवायला काही जणांचा विरोध आहे. त्यावर माझं म्हणणं मी सोडणार नाही, पुढच्या बैठकीत पुन्हा मांडेन.

काका, पहिल्या शाळेचे पालक तुम्हीच. बोर्डाच्या इतिवृत्तात तसं नाव आलंय.

मास्तर, आता ग्रामसभेचं सांगा. ठराव कधी होऊ शकेल?


पानशेत_मास्तर (पुढचा सोमवार, रात्री १०:०५)

दोनच शाळा घेतल्यात हे वाचून बरं वाटलं. १५ ऑगस्टची ग्रामसभा धरा. विषयपत्रिका आधी निघते, त्यामुळे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) जुलै संपायच्या आत क्लबच्या लेटरहेडवर पत्र द्या आणि पोच घ्या. पत्रात तीन गोष्टी स्पष्ट लिहा: देखभाल ग्रामपंचायतीकडे, वीजबिल कोण भरणार, आणि हे सगळं विकास आराखड्यात घ्यावं अशी विनंती. त्याआधी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक जूनच्या शेवटच्या आठवड्यात लावतो, म्हणजे तिचा ठराव पत्राला जोडता येईल. काकांना त्या बैठकीला नक्की पाठवा. मुलांच्या आईवडिलांची ओळख होईल.